नव्या पिल्लांना चोची का बसतात?

परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांना एक अनुभव असतो. बाजारातून आणलेली महिना-दीड महिन्याची पिल्ले जुन्या कोंबड्यांत सोडली, की त्या त्यांच्यावर तुटून पडतात. दाण्याजवळ फिरकू देत नाहीत, डोक्यावर चोची मारतात. एखादे पिल्लू दगावतेही. घरच्याच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांच्या वाट्याला मात्र सहसा हे येत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाच्या वहीत झाली.

थोर्लाइफ शेल्डरूप-एबे याचा जन्म १८९४ साली नॉर्वेच्या राजधानीत झाला. ख्रिस्तियानिया हे तिचे तेव्हाचे नाव. आज आपण तिला ऑस्लो म्हणतो. आईवडील दोघेही शिल्पकार. मुलाला नाद लागला तो कोंबड्यांचा. दहा वर्षांचा असल्यापासून तो त्यांच्या नोंदी ठेवू लागला. त्याच्याकडे कसलेही उपकरण नव्हते. त्याने एकच गोष्ट केली: प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखायला तो शिकला, आणि कोण कोणाला चोच मारते हे लिहीत गेला.

ओळख नसती, तर ‘कोंबड्या भांडतात’ एवढेच त्याला दिसले असते. ओळख पटल्यावर दिसले ते असे की, दोन कोंबड्यांपैकी चोच मारणारी बहुधा ठरलेली असते आणि माघार घेणारीही ठरलेली असते. सर्वांत वरची कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. सर्वांत खालची सगळ्यांकडून टोचून घेते. कधी मधेच वर्तुळही आढळते: पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला! हे संशोधन १९२२ साली मानसशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इंग्रजीत या रचनेला ‘पेकिंग ऑर्डर’ म्हणतात. आपण तिला ‘टोचक्रम’ म्हणू.

एकदा हा क्रम ठरला, की भांडणे कमी होतात. खालची कोंबडी वेळीच बाजूला सरते, मग वरचीला चोच मारावीच लागत नाही. म्हणजे कळपातील शांतता ओळखीवर उभी असते. दहा कोंबड्यांत ४५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा निकाल आधीच लागलेला असतो. नवे पिल्लू आले, की आणखी दहा जोड्या तयार होतात आणि त्यांतल्या एकीचाही निकाल लागलेला नसतो. पिल्लावर होणारा हल्ला हा या न सुटलेल्या प्रश्नांचा निकाल असतो.

पुढे हे काम अमेरिकेत वाढले. शिकागो विद्यापीठातील वॉर्डर ॲली आणि त्यांचे सहकारी ए. एम. गुल यांनी १९४४ साली एक तुलना प्रसिद्ध केली. काही कळप त्यांनी तसेच राहू दिले. काही कळपांतून ठरावीक दिवसांनी एक कोंबडी काढून नवी घातली. सतत बदलत्या कळपांतील कोंबड्यांनी एकमेकींना अधिक टोचले आणि खाल्ले कमी. नवा पक्षी येतो तेव्हा त्रास एकट्या त्यालाच होतो असे नाही. साऱ्या कळपाचीच घडी विसकटते.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात कशावरून? गुल आणि ऑर्टमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबड्यांचे रूप कृत्रिमरीत्या बदलले होते. धडापेक्षा डोके, तुरा आणि मान यांतील बदल ओळख पुसण्यास जास्त कारणीभूत ठरले. रूप पालटलेल्या जुन्या मैत्रिणीलाही परकी समजून टोचले जाई.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खुडूक कोंबडी पिल्लांजवळ येणाऱ्या इतर कोंबड्यांवर धावून जाते. तिच्या आडोशाने पिल्ले रोज कळपाच्या नजरेसमोर वाढतात. आई त्यांना सोडते तोवर ती परकी राहिलेली नसतात आणि कोणासमोरून बाजूला व्हायचे हेही शिकलेली असतात. विकत आणलेल्या पिल्लांना ही आई नसते. तिचे काम आपल्याला करावे लागते.

ते असे. बाहेरून आणलेली पिल्ले रोगाच्या भीतीने आधी दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळी ठेवावीत. मग खुराड्याशेजारी जाळीआड ठेवावीत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांची डोकी दिसतील पण चोच पोहोचणार नाही. अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास येईपर्यंत ती मोकळी सोडू नयेत. सोडताना एकटे सोडू नये, चार-पाच मिळून सोडावीत. जुन्यांचे लक्ष वाटले जाते. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे आणि पिल्लांना शिरता येईल पण मोठ्यांना येणार नाही असा एखादा आडोसा करावा. थोडीफार टोचाटोची तरीही होईल, ती होऊ द्यावी. मात्र रक्त दिसताच त्या पिल्लाला बाजूला काढावे, कारण रक्त पाहून इतर कोंबड्याही टोचू लागतात.

शेल्डरूप-एबे पुढे साऱ्या सजीव सृष्टीतच हुकूमशाही पाहू लागला. ती उडी आपण घेऊ नये. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला त्रास होतो तेव्हा ‘निसर्गच असा आहे’ म्हणून शिक्षकाने हात झटकायचे कारण नाही. कोंबड्यांना जाळी आणि आडोसा आपण पुरवतो. मुलांना तर बोलूनही सांगता येते.

ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना एक काम द्यावे. प्रत्येक कोंबडीला तुऱ्यावरून आणि रंगावरून ओळखून नाव द्यायचे. उभ्या आणि आडव्या रकान्यांत तीच नावे लिहायची. आठ दिवस सकाळी दाणे टाकताना कोणी कोणाला टोचले याच्या खुणा करायच्या. क्रम सरळ निघतो की मधे वर्तुळ सापडते, ते वर्गात सर्वांनी मिळून पाहावे.