मुकुटाला नकार

तारीख 2 जानेवारी 1975. तुम्ही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगीच्या बाजारात उभे आहात. पायाखाली तांबडी माती, समोर कसाव्याच्या पांढऱ्या पिठाचे ढीग. उतार उतरलात की उबांगी नदी. पलीकडचा काठ झाईरचा. सगळीकडे सांगो भाषेत एकच चर्चा: एलिझाबेथ दोमिसियाँ पंतप्रधान झाल्या. तुमच्याकडे इंदिराबाई आहेत, श्रीलंकेत सिरिमावो; तुम्हाला त्याचं काय अप्रूप! पण आफ्रिकेत या पदावर याआधी एकही बाई बसलेली नव्हती.

पीठ विकणाऱ्या बायकांना दोमिसियाँ परक्या नाहीत. 1925 साली लोबाये भागात जन्मलेल्या, शेती आणि व्यापार केलेल्या, स्वातंत्र्य चळवळीत बायकांना एकत्र आणणाऱ्या. 'मेसान' या एकमेव पक्षाच्या महिला आघाडीच्या त्या प्रमुख, 1972 पासून पक्षाच्या उपाध्यक्ष.

त्यांना नेमलंय मार्शल बोकासानं. 1965 च्या शेवटच्या रात्री उठाव करून तो सत्तेवर आला, राज्यघटना गुंडाळली आणि 1972 मध्ये तहहयात अध्यक्ष झाला. त्याच वर्षी त्याच्या हुकमावरून तुरुंगातल्या चोरांना सैनिकांनी बडवून काढलं. काही जण मेले. बाजारात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

एप्रिल 1976. बोकासाला आता सम्राट व्हायचंय. दोमिसियाँ त्याला जाहीर पाठिंबा द्यायला तयार नाहीत. 7 तारखेला त्यांचं पद जातं, पाठोपाठ नजरकैद.

4 डिसेंबर 1977. तुम्ही राज्याभिषेकाच्या गर्दीत घामाघूम झाला आहात. गरुडाच्या आकाराचं सोनेरी सिंहासन, नेपोलियनच्या थाटाचा झगा, सुमारे दोन कोटी डॉलरचा चुराडा. कापूस, कॉफी पिकवणाऱ्या गरीब देशात.

सप्टेंबर 1979 मध्ये फ्रेंच सैनिक उतरतात आणि साम्राज्य कोसळतं. बोकासा तेव्हा लिबियात; अटक होते दोमिसियाँना. 1980 च्या खटल्यात आरोप असा, की पंतप्रधान असताना त्यांनी बोकासाच्या खंडणीखोरीवर पांघरूण घातलं. तुरुंगवास होतो, राजकारणाची दारं बंद होतात. 2005 साली निधन होईपर्यंत ती उघडली नाहीत.

तुमचं मन त्यांची बाजू घेऊ लागेल. मुकुटाला विरोध करायला धैर्य लागलंच. पण ज्या वर्षी तुरुंगात माणसं मारली गेली, त्याच वर्षी मिळालेलं उपाध्यक्षपद त्यांनी सोडलं नव्हतं. 'आफ्रिकेतली पहिली महिला पंतप्रधान' असं लिहिताना हा 1972 चा हिशेबही मांडावा लागतो.