टेमरेअरची अखेरची वाट

तांबूस-सोनेरी आकाश, आरशासारखी संथ नदी, आणि एका काळ्या बुटक्या आगबोटीमागून मुकाट्याने येणारे फिकट, उंच जहाज. विल्यम टर्नरने १८३९ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत मांडलेले हे चित्र पाहून ज्याला हुरहुर वाटली नाही असा माणूस विरळा. पण वाचकहो, ही हुरहुर येते कोठून?

'टेमरेअर' हे ९८ तोफांचे जहाज. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनचे 'व्हिक्टरी' शत्रूच्या कचाट्यात सापडले, तेव्हा हेच त्याच्या मदतीस धावले. पुढे म्हातारपण आले. १८३८ साली ते ५५३० पौंडांना विकले गेले आणि सप्टेंबरात थेम्समधून रॉदरहाइथला मोडण्यासाठी ओढून नेण्यात आले.

आता इतिहासाच्या कसोटीवर चित्र घासून पाहा. टर्नरसाहेब चक्क थापाडे ठरतात! जहाजाच्या डोलकाठ्या आणि तोफा आधीच उतरविल्या होत्या. ओढून नेले ते निव्वळ सांगाडे. ओढणाऱ्या बोटी दोन होत्या, चित्रात एकच. आणि वाट पश्चिमेची, मग मावळता सूर्य जहाजाच्या पाठीशी कसा?

टर्नरला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. घरातल्या वृद्धाला अखेरच्या प्रवासाला नवे धोतर नेसवावे, तशा त्याने त्या जहाजाला डोलकाठ्या परत दिल्या. सूर्य त्याच्या गतायुष्याच्या बाजूस ठेवला. डाव्या कोपऱ्यात, भाऊबीजेला बहिणी ओवाळतात तशी चंद्रकोर काढली. काही टीकाकार त्या काळ्या बोटीला यमदूत म्हणतात. मला ते पटत नाही. साऱ्या चित्रात जिवंत, धडपडणारी अशी तीच एक आहे, आणि १८४४ मध्ये धावत्या आगगाडीचे चित्र काढणारा टर्नर वाफेचा वैरी खासच नव्हता. जुन्याबद्दलची माया आणि नव्याबद्दलचे कुतूहल एकाच नदीवर तरंगते आहे.

(जाता जाता: मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी लाकडाचे बांधलेले, १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' मात्र इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे!)

टर्नरने हे चित्र विकले नाही. त्याला तो आपले लाडके म्हणे. १८५१ साली तो वारला, तोवर ते त्याच्यापाशीच होते; मग त्याच्या इच्छेप्रमाणे ते राष्ट्राचे झाले.