'ओके' म्हणजे काय?

तिसरीत असताना गुरुजींनी विचारलं, "पुस्तक कुठाय?" मी म्हणालो, "काल आणतो, गुरुजी." सगळा वर्ग हसला. आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि दखनीत 'कल' म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि उगवायचा दिवसही. शब्द मी मराठी वापरला होता, पण वाक्य घरातून आलं होतं. पुढे कविता लिहू लागलो तेव्हा एका शब्दाचे दोन अर्थ ही माझी मिळकतच झाली. ही चैन जिथे मुळीच चालत नाही, अशा एका जागेविषयी आज बोलायचं आहे. ती जागा म्हणजे विमानतळाची धावपट्टी.

विमान आकाशात असताना आपल्याला धाकधूक वाटते आणि चाकं जमिनीला लागली की हायसं वाटतं. पण विमान अपघातांच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात धावपट्टीवर झाला. त्यात ५८३ माणसं गेली. आणि दोन्ही विमानांत कसलाही बिघाड नव्हता.

स्पेनच्या कॅनरी बेटांत तेनेरिफ नावाचं बेट आहे. २७ मार्च १९७७, रविवारचा दिवस. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या विमानतळावर फुटीरतावाद्यांचा बॉम्ब फुटला, म्हणून तिकडे जाणारी विमानं तेनेरिफच्या लॉस रोदेओस या लहानशा विमानतळाकडे वळवण्यात आली. त्यांत दोन जम्बो जेट होती. एक डच कंपनी के.एल.एम.चं, ॲमस्टरडॅमहून आलेलं. दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं, लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेलं. एवढी विमानं मावावीत अशी ती जागाच नव्हती. धावपट्टी एकच, आणि तिच्या बाजूचा रस्ता उभ्या विमानांनी अडलेला. त्यामुळे उड्डाणासाठी टोकाला जायचं तर धावपट्टीवरूनच जावं लागत होतं. भरीला डोंगरावरून धुकं उतरलं. टॉवरमधल्या नियंत्रकाला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात, आणि जमिनीवरची हालचाल दाखवणारं रडार तिथे नव्हतं. उरला तो फक्त आवाज.

डच विमान टोकाला जाऊन वळलं आणि उड्डाणाच्या तयारीत उभं राहिलं. त्याच्या मागोमाग त्याच धावपट्टीवर निघालेल्या पॅन ॲमला तिसऱ्या फाट्यावर बाहेर पडायला सांगितलं होतं. धुक्यात तो फाटा हुकला आणि ते विमान चौथ्याच्या दिशेने पुढे गेलं.

आता संभाषण ऐका. नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही नुसती मार्गाची मंजुरी होती, सुटायची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. डच सहवैमानिकाने ते सगळं परत म्हणून दाखवलं आणि शेवटी जोडलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.' याचा अर्थ काय? नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी थांबले आहेत. प्रत्यक्षात विमान सुटलं होतं. डच भाषेत चालू असलेली क्रिया सांगताना क्रियापदाआधी इंग्रजी 'ॲट'च्या जवळचा एक शब्द येतो. घाईत डच वाक्यच इंग्रजी कपडे घालून बाहेर पडलं असावं, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तो वाचला तेव्हा मला माझा 'काल' आठवला. मी चुकलो तेव्हा वर्ग नुसता हसला होता.

नियंत्रक उत्तरला, 'ओके.' हे 'ओके' म्हणजे आपलं 'बरं'. बरं म्हणजे ऐकलं, की बरं म्हणजे कर? मग क्षणभर थांबून तो म्हणाला, 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो.' नेमकं त्याच वेळी घाबरलेल्या पॅन ॲमने सांगितलं, 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.' विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले, तर ऐकणाऱ्याच्या कानावर कर्कश चीत्कार येतो. डच वैमानिकांच्या कानी स्पष्ट पडलं ते फक्त 'ओके'. वाचवणारी दोन वाक्यं एकमेकांवर आपटून विरली.

तरी आणखी एक संधी होती. नियंत्रकाने पॅन ॲमला 'धावपट्टी मोकळी केली की कळवा' म्हटलं आणि त्यांनी 'कळवतो' म्हटलं. हे डच फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर पडलं. त्याने विचारलं, 'तो पॅन अमेरिकन अजून बाहेर पडलेला नाही का?' कॅप्टन ठामपणे म्हणाले, 'पडलाय.' हे कॅप्टन म्हणजे याकोप फेल्डहाउझेन व्हान झान्टेन, कंपनीच्या वैमानिकांना जम्बो शिकवणारे ज्येष्ठ प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचं छायाचित्र असे. अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार? आपल्याकडेही थोरल्यांना एकदा विचारलं की पुन्हा विचारत नाहीत. मला तो इंजिनिअर फार जवळचा वाटतो. त्याने योग्य प्रश्न विचारला होता, फक्त हळू विचारला.

डच विमानातले सर्व २४८ जण गेले. पॅन ॲममधले ३३५ गेले, ६१ वाचले.

त्यानंतर भाषेचेच नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. नुसत्या 'ओके'वर भागवायचं नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. आणि कनिष्ठांनी शंका मोठ्याने बोलावी, वरिष्ठांनी ती ऐकावी, याचं रीतसर शिक्षण वैमानिकांना मिळू लागलं. एखाद्या शब्दाला एकाच अर्थाने जगायला लावायचं, हे कवी म्हणून मला कठीण वाटतं. प्रवासी म्हणून मात्र मी त्या नियमाचा ऋणी आहे.

इतकं करूनही शब्द निसटतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचं एक छोटं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. नियंत्रकाने त्याला सांगितलं, 'नंबर वन, थांबण्याच्या रेषेपर्यंत या.' नंबर वन म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले. विमानातून सूचना अचूक परत म्हटली गेली, 'नंबर वन'सुद्धा, आणि वर 'थँक यू'. पण कॅप्टनची समजूत झाली की धावपट्टीवर जायला परवानगी मिळाली. विमान रेषा ओलांडून धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या विमानाने त्याला धडक दिली. मोठ्या विमानातले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. वाचले ते एकटे कॅप्टन.