बेलची अर्धवट राहिलेली पदवी

१/१४
पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला असतो आणि नेमके त्याच वेळी घरातले आजारपण, पैशाची चणचण किंवा मनातली शंका आडवी येते. प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा की सरळ सोडून द्यावा? वाचा-उपचाराचे, म्हणजेच स्पीच थेरपीचे, शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांपुढे हा पेच आजही उभा राहतो. या शास्त्राला पदवी नव्हती, नावही नव्हते, त्या काळात २३ वर्षांच्या एका तरुणापुढेही असाच पेच उभा राहिला होता. त्याचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

२/१४
बेल घराण्याचा व्यवसायच मुळी बोलणे शिकवण्याचा. आजोबा लंडनमध्ये वक्तृत्वाचे शिक्षक. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी १८६७ मध्ये ‘व्हिजिबल स्पीच’ ही लिपी प्रसिद्ध केली. प्रत्येक उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ आणि घसा कोणत्या स्थितीत असतात, ते या लिपीतील चिन्हांतूनच दिसे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी वर्णमाला लहानपणी पाठ करणाऱ्या मराठी वाचकाला या कल्पनेचे मर्म चटकन उमगेल.

३/१४
एडिंबरा येथे ३ मार्च १८४७ रोजी जन्मलेल्या अलेकच्या आईला कमी ऐकू येत असे. इतर माणसे तिच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. अलेक मात्र तिच्या कपाळाजवळ ओठ नेऊन खालच्या, गंभीर आवाजात बोले. ध्वनी हा एक कंप आहे आणि तो कानावाचूनही जाणवू शकतो, हा धडा त्याला कोणत्याही वर्गात बसण्यापूर्वीच मिळाला होता.

४/१४
१८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड क्षयाने गेला. अलेक वडिलांच्या मदतीला लंडनला आला. १८६८ मध्ये केन्सिंग्टन येथील सुझॅना हल यांच्या शाळेत त्याने कर्णबधिर मुलांना वडिलांच्या लिपीच्या आधारे बोलायला शिकवले. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन त्याने युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा अभ्यास सुरू केला. ज्या अवयवांचे काम तो मुलांना समजावून देत होता, त्यांचे शास्त्र तो आता रीतसर शिकू लागला.

५/१४
मे १८७० मध्ये थोरला भाऊ मेलव्हिलही क्षयानेच गेला. तीन मुलांपैकी एकटा अलेक उरला, आणि त्याचीही प्रकृती ढासळलेली. वडिलांना तरुणपणी न्यूफाउंडलंडच्या हवेने गुण आला होता. त्यांनी निश्चय केला: इंग्लंड सोडायचे आणि कॅनडाला जायचे. लंडनमध्ये जमलेली प्रतिष्ठा आणि शिकवण्या यांवर त्यांनी पाणी सोडले. मुलानेही तसेच करावे, ही त्यांची अपेक्षा होती.

६/१४
अलेकचे मन प्रथम तयार होईना. पदवी हाताशी होती, विद्यार्थी होते, लंडनमध्ये नाव होऊ लागले होते. पण दोन मुलगे गमावलेल्या आईवडिलांना नकार देणे त्याला जमले नाही. जुलै १८७० मध्ये कुटुंब जहाजावर चढले आणि ऑगस्टच्या आरंभी क्विबेकला उतरले. युनिव्हर्सिटी कॉलेजातला अभ्यास अर्ध्यावर राहिला. तो पुरा करण्यासाठी अलेक कधीच परतला नाही.

७/१४
ऑन्टारिओतील ब्रँटफर्डजवळच्या घरात तो हळूहळू सावरला. जवळच्या वसाहतीतील मोहॉक लोकांची भाषा शिकून त्याने ती वडिलांच्या लिपीत उतरवली. त्या लोकांनी त्याला सन्मानाने आपल्यात घेतले. कॉलेज सुटले, तरी अभ्यास सुटला नव्हता.

८/१४
एप्रिल १८७१ मध्ये संधी चालून आली. बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका सारा फुलर यांना ही लिपी शिकवणारा माणूस हवा होता. वडिलांनी स्वतः न जाता मुलाचे नाव सुचवले. ऑक्टोबर १८७२ मध्ये बेलने बॉस्टनमध्ये स्वतःची शाळा काढली. तिथे कर्णबधिरांना बोलायला शिकवणाऱ्या शिक्षकांची तयारी होई, तसेच तोतरेपणासारख्या दोषांवरही काम चाले. आजच्या वाचा-उपचार केंद्राची ही पूर्वजच म्हणावी. पुढच्याच वर्षी बॉस्टन विद्यापीठाने त्याला स्वरशरीरशास्त्राचा प्राध्यापक नेमले. पदवी अर्धवट सोडलेला तरुण २६व्या वर्षी प्राध्यापक झाला.

९/१४
तरीही पदवी अनावश्यकच होती, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. १८७४ मध्ये कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांच्या साहाय्याने बेलने मृत माणसाचा कान वापरून एक यंत्र बनवले. आवाजाने कानाचा पडदा थरथरला की काचेवर त्याच्या रेषा उमटत. इतका पातळ पडदा त्यामानाने जड हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा पोलादाचा तुकडा का हलवू शकणार नाही? टेलिफोनची वाट इथून निघाली. लंडनमध्ये शिकलेली शरीररचना इथे कामी आली. अभ्यास अपुरा राहिला, पण वाया गेला नाही.

१०/१४
विजेचे ज्ञान मात्र त्याच्यापाशी तुटपुंजे होते. मार्च १८७५ मध्ये वॉशिंग्टनला वृद्ध शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांची भेट घेऊन त्याने विचारले: ही कल्पना प्रसिद्ध करून इतरांवर सोपवावी, की स्वतःच तडीस न्यावी? हेन्रींनी स्वतःच करण्याचा सल्ला दिला. आवश्यक ते ज्ञान आपल्याजवळ नाही, असे बेलने सांगताच, मग ते मिळव, एवढेच उत्तर त्याला मिळाले.

११/१४
खरी कसोटी त्याच वर्षाच्या अखेरीस लागली. बेलला आपली विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी लग्न करायचे होते. पाचव्या वर्षी स्कार्लेट फिव्हरने तिची श्रवणशक्ती गेली होती. तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे बेलच्या तारयंत्र-संशोधनाला पैसा पुरवत. त्यांनी अट घातली: शिकवणे सोडून संशोधनाला वाहून घेतलेस, तर मुलगी देऊ. बेलने ही अट साफ नाकारली. तरीही नोव्हेंबरमध्ये मेबलने स्वतः होकार दिला. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मंजूर झाले. जगभर कीर्ती झाल्यावरही बेल आपला व्यवसाय कर्णबधिरांचा शिक्षक असाच सांगत राहिला.

१२/१४
येथवरची कथा गोड आहे. पुढची तशी नाही. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून केवळ तोंडी बोलणे शिकवण्याचा ठराव केला. बेल या मताचा अमेरिकेतील सर्वांत वजनदार पुरस्कर्ता ठरला. १८८३ मध्ये त्याने कर्णबधिरांनी आपसांत लग्ने करण्याविरुद्ध निबंध वाचला. आईशी बोटांच्या खुणांनीही बोलणाऱ्या मुलाने हे करावे, हा इतिहासातला क्लेशदायक विरोधाभास आहे. मुलांच्या अनेक पिढ्यांना आपल्या हातांची भाषा लपवावी लागली. मिलानचे ठराव नाकारून त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली.

१३/१४
बेल १९२२ मध्ये वारला. १९२५ मध्ये अमेरिकेत वाचादोष-उपचारकांची संघटना स्थापन झाली आणि आयोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी या विषयाचे उच्च शिक्षण आकाराला आले. भारतात १९६५ मध्ये म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यामुळे या व्यवसायासाठी मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी बंधनकारक झाली. पदवीवाचून प्राध्यापक होण्याची बेलची वाट आज बंद आहे, आणि ती बंद असणेच योग्य. कारण समोर एखाद्याची वाणी पणाला लागलेली असते.

१४/१४
म्हणून पदवी सोडूनही माणूस मोठा होतो, एवढाच बोध या कथेतून घेणे चुकीचे आहे. १८७० मध्ये बेलने पदवी सोडली, कारण घराला त्याची गरज होती. १८७५ मध्ये त्याने शिकवणे सोडण्यास नकार दिला, कारण ते त्याचे जीवितकार्य होते. काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे, त्यांचेच म्हणणे ऐकून घेण्यात मात्र तो कमी पडला. प्रवेश आज घ्यावा की वर्षाने, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे असते. ऐकून घेण्याचा अभ्यास मात्र पुढे ढकलण्यासारखा नाही.