उर्वशीची जागा

कोवळी पानं तपकिरी, मऊ, चिंध्यांसारखी खाली लोंबलेली. असं रोप कुंडीत घेऊन कुणी दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, पाणी कमी पडलं का हो?" मी मुंबईत कितीतरी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी ओळखीचे लोक अजून रोपं घेऊन येतात, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. रोपाला काहीही झालेलं नसतं. पालवी तशीच लोंबत येते, मग हिरवी होते, ताठ होते. पण घाबरून लोक त्याला इतकं पाणी घालतात की मुळं कुजून ते खरोखरच जातं.

अशी लोंबती पालवी आपल्या बागांतल्या तीन नातेवाइकांना येते : सीता अशोक, ब्राऊनिया आणि उर्वशी. फुलं आली की शंका उरत नाही. अशोकाचे केशरी झुबके फांदीला चिकटून असतात, ब्राऊनियाचा लाल गोल गेंद असतो, आणि उर्वशीचा लांबलचक लाल घोस झुंबरासारखा हवेत लटकतो, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका घेऊन. फुलं नसताना पर्णिका मोजायच्या. अशोकाच्या एका पानात तीन ते सहा जोड्या, उर्वशीच्या सहा ते आठ. शिवाय उर्वशीचं पान उलटं केलं की खालची बाजू फिकी, पांढुरकी दिसते. ब्राऊनियाची पालवी ठिपकेदार असते.

ओळख पटली तरी उर्वशीचं रोप लावायचं कुठे हे ठरत नाही. त्यासाठी ती जिथे सापडली त्या ब्रह्मदेशात जावं लागतं.

1826 साली पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध संपलं आणि कंपनी सरकारचे अधिकारी सालवीन नदीच्या परिसरात फिरू लागले. जॉन क्रॉफर्ड या अधिकाऱ्याच्या नजरेला तिथे काही अपरिचित फुलं पडली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नाथानिएल वॉलिक 1827 च्या मार्चमध्ये मार्तबान प्रांतात त्याच फुलांच्या शोधात पोहोचले. जन्माने डॅनिश, पेशाने शल्यवैद्य असलेल्या या माणसाने हिंदुस्थानातल्या हजारो वनस्पतींची नोंद केली आहे. कोगुन इथल्या एका मोडकळीला आलेल्या मठाच्या बागेत त्यांना झाड सापडलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे भाविकांनी त्याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. झाड मूळचं कुठलं, हे तिथल्या लोकांना सांगता आलं नाही. त्यांना ते बागेतच माहीत होतं. रानात ही जात आजही क्वचितच आढळते.

वॉलिक यांनी लिहून ठेवलेला एक तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. झाडं दोन होती. मोठं, सुमारे चाळीस फूट उंचीचं, गुहेला लागून. दुसरं लहान, एका जुन्या चौकोनी तळ्यावर झुकलेलं. खडकाचा आडोसा, पाण्याची ओल, दमट उष्ण हवा. उर्वशीला काय हवं ते मठातल्या भिक्षूंनी कधीच ओळखलं होतं. वॉलिक यांनी झाडाला नाव दिलं ते गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांची पत्नी आणि मुलगी, या दोघी वनस्पतिप्रेमींच्या सन्मानार्थ : अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस. 1830 मध्ये वॉलिक यांच्या ग्रंथातून तिचं चित्र छापून आलं आणि विलायतेतले धनिक बागवाले तिच्यासाठी वेडे झाले.

ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी तर जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला खास कलकत्त्याला धाडलं. 1837 मध्ये त्याने रोप ड्यूकच्या चॅट्सवर्थ इस्टेटीवर जिवंत पोहोचवलं. जोसेफ पॅक्स्टनसारखा उद्यानतज्ज्ञ हाताशी, काचघराला ऊब द्यायला कोळसा हवा तेवढा. तरी ते फुललं नाही. फुलवलं ते 1849 मध्ये ईलिंगच्या लुइझा लॉरेन्स या बाईंनी. पहिला घोस त्यांनी राणी व्हिक्टोरियाला पाठवला. ही गोष्ट सांगताना विद्यार्थिनींच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटायचा, तो माझाही होता.

आपल्याकडे उर्वशी पाहायची तर भायखळ्याची राणीची बाग. 1862 मध्ये खुली झालेली ही बाग बहुतेक मुंबईकरांना प्राण्यांसाठी ठाऊक असते. मला ती देशोदेशीच्या झाडांसाठी प्रिय आहे. समुद्राची दमट हवा आणि जुन्या वृक्षांची सावली तिथे आयतीच मिळते, म्हणून उर्वशी तिथे सुखाने नांदते. बी तिला फार क्वचित धरतं. म्हणून रोपं बहुतेक गुटी कलमाची असतात आणि महाग पडतात, त्यामुळे जागा चुकली की दुःखही मोठं.

पुण्या-नगरकडच्या माझ्या स्नेह्यांना मी स्पष्ट सांगते : उघड्या अंगणात उर्वशी लावू नका, वैशाखातल्या कोरड्या वाऱ्याने पानं करपतात. तिथे सीता अशोक लावा, तो काही कमी देखणा नाही. कोकणात मात्र नारळी-पोफळीच्या बागेत, विहिरीच्या किंवा पाटाच्या जवळ, पश्चिमेचं ऊन अडेल अशा बाजूला ती जरूर लावा. पाणी साचून राहणारी जागा नको. मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की खड्डा पालापाचोळ्याच्या खताने भरून रोप लावा, वाऱ्यापासून आडोसा द्या, आणि पालवी लोंबली म्हणून जादा पाणी घालू नका.