घरट्यातलं मऊ अस्तर

आपण लहानपणी ऐकलेली पहिलीवहिली गोष्ट बहुधा घरांचीच असते. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो. पक्षिशास्त्राच्या कसोटीवर ही गोष्ट टिकायची नाही. कावळा काटक्यांचं घर करतो आणि चिमणीला मेण लागत नाही. पण ही गोष्ट रचणाऱ्या कुणा आजीबाईने एक नेमकं हेरलं होतं. मेण काय किंवा शेण काय, दोन्ही माणसाच्या घरातलं सामान. पाखराच्या घराला लागणारं पुष्कळसं सामान माणसाच्या दारातूनच जातं.

हे आज सांगायचं कारण असं, की अलीकडे पक्ष्यांविषयी कळवळा असणारी मंडळी एक नवी गोष्ट करू लागली आहेत. घरच्या कुत्र्या-मांजराला विंचरलं की निघालेले केस ती फेकून देत नाहीत. बागेत, गॅलरीत टांगून ठेवतात. पाखरांनी ते घरट्यासाठी न्यावेत हा हेतू. परदेशात ही पद्धत बरीच रुळलेली आहे. हे चांगलं की वाईट, असं मला अनेकजण विचारतात. उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

घरटं म्हटलं की आपल्याला सुगरणीचा खोपा आठवतो. खानदेशात बहिणाबाईंनी तो अजरामर केला. सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम करून याच पक्ष्याची वीण बारकाईने अभ्यासली. विणकाम करतो तो नर, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण सुगरणीचं काम गवताच्या आणि भाताच्या पात्यांवर भागतं. बाकीच्या कितीतरी पक्ष्यांना बाहेरून काटक्या-गवत पुरतं, आत मात्र मऊ अस्तर लागतं. अंडी गार पडू नयेत, उघड्या अंगाच्या पिल्लाला टोचू नये, म्हणून. खोप्याची विणकर म्हणून कीर्ती झाली. या अस्तराकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ज्याचं गेलं तो माणूस म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी, 1873 साली, त्यांनी भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर एक ग्रंथ काढला होता. देशभरच्या हौशी निरीक्षकांनी पाठवलेल्या नोंदी त्यात आहेत. घरटं कशाचं, खोली किती, आत काय अंथरलं होतं, असा सगळा तपशील. त्यात गवत आणि मुळ्यांच्या जोडीने केस, लोकर, कापूस, दोऱ्याचे तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात. पक्ष्यांच्या नोंदी म्हणून लिहिलेली ही पानं मला तेव्हाच्या माणसांच्या अंगणाचीही नोंद वाटतात.

हे अंगण कसं होतं, ते पाहायला नृसिंहवाडीचा परिसर उत्तम. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम, घाट, दत्ताचं देऊळ आणि औदुंबर. औदुंबर तोडायचा नाही ही श्रद्धा, त्यामुळे पाखरांना आसरा आणि फळं दोन्ही मिळाली. वाडीची बासुंदी आणि पेढे प्रसिद्ध. म्हणजे आसपासच्या गावांत म्हशी आल्या, गोठे आले. म्हशीच्या पाठीवर बसलेला कावळा चोचीने केस उपटताना तुम्ही पाहिला असेल. वीण जवळ आली की त्याला या केसांची निकड असते. देवळापुढे नारळ फुटतात, त्यांच्या शेंड्या इकडेतिकडे पडतात. तो काथ्याही कावळा नेतो. दयाळ पक्षी भिंतीच्या बिळात केस आणि गवत अंथरतो. चिरक तर केसांबरोबर सापाची कातसुद्धा नेतो. गप्पीदास बांधाच्या कपारीत केसांची नाहीतर लोकरीची गादी करतो.

ही लोकर यायची धनगरांच्या मेंढरांची. पीक निघालं की शेतात मेंढरं बसवायची आणि खताच्या बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे द्यायचे, ही आपल्या भागातली जुनी रीत. मेंढरं बांधावरून गेली की बोरी-बाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राहायची. उरलेली लोकर कातरून सनगरांच्या मागावर जायची, तिची घोंगडी व्हायची. पिंजारी दारात येऊन गादीचा कापूस पिंजायचा, त्याची म्हातारी वाऱ्यावर उडायची. तीच शिंपी पक्ष्याने पानांच्या द्रोणात भरायची. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटायची, तो कापूस शिंजीर न्यायचा. टांग्यांचे तळ होते तोवर घोड्यांचे केसही मुबलक. यातलं काहीही कुणी पाखरांसाठी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. माणसाच्या कामातून जे सांडायचं, त्यावर पाखरांचा संसार उभा राहायचा.

मग सांडणारं सामान बदललं. वाडीपासून फार लांब नसलेल्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. सुरुवातीला त्यातून उडणारा धागा सुताचा होता. पुढे कृत्रिम धागा आला. नायलॉन आला, प्लॅस्टिक आलं. सुताचा दोरा कुजतो, तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, आणि पिल्लाच्या पायाला त्याचा वेढा बसला तर पाय जायची वेळ येते. टांगे गेले, पिंजारी दिसेनासा झाला. घरं सिमेंटची झाली आणि चिमणीची वळचण गेली. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्यानंतर गावोगावी लाकडी घरटी टांगली गेली. घर दिलं, तर अंथरूणही द्यावं, असं कुणाच्या मनात आलं तर ते स्वाभाविकच आहे.

पण इथेच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी टिट कुळातल्या दोन छोट्या पक्ष्यांची 103 घरटी तपासली. हे पक्षी केसांची गादी करतात. आपल्या सह्याद्रीतही त्यांचा एक भाऊबंद आहे. 2025 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण एक घरट्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं. पिसवा मरण्यासाठी कुत्र्या-मांजराच्या मानेवर जे थेंब सोडतात, त्यांत ते असतं. ज्या घरट्यांत अशी रसायनं अधिक, तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही अधिक आढळली. फिप्रोनिल आपल्याला परकं नाही. उसावरच्या किडीसाठी तेच आपण शेतात टाकतो.

मेक्सिको शहरात चिमण्या सिगारेटची थोटकं घरट्यात नेतात. तंबाखूमुळे घरट्यातले परजीवी कमी होतात, असं आधी दिसलं. नंतर त्याच संशोधकांना पिल्लांच्या रक्तपेशींत बिघाड आढळला. आपण जे वापरून टाकतो त्याचे गुण-दोष दोन्ही पाखराच्या घरात जातात. ते पाखराला निवडून घेता येत नाही.

दान सत्पात्री असावं, हे तीर्थक्षेत्री आपण नेहमी ऐकतो. घेणारा पात्र आहे का, हे पाहायचं. इथे घेणाऱ्याविषयी शंका नाही. तपासायचं आहे ते दान.

तेव्हा माझं उत्तर असं. जनावराला पिसवांचं, गोचिडांचं औषध लावत असाल, तर त्याचे केस बाहेर ठेवू नका. कचऱ्यात जाऊ द्या. औषध कधीच लावलं नसेल, तर केस बोटाच्या पेरापेक्षा लांब नकोत, आणि बायकांच्या डोक्याचे लांब केस किंवा दोरे तर नकोतच. त्याहून सोपा आणि निर्धास्त उपाय म्हणजे नारळाची शेंडी आखूड तोडून मोकळी करून ठेवणं, बांधावरची बोर-बाभूळ आणि सावर राखणं. आणि गोठ्यात म्हशींच्या अंगावर गोचिडांचं औषध फवाराल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की पाठीवर बसलेला कावळा तुमची परवानगी घेत नाही. प्रश्न विणीच्या महिन्यांचा आहे. तेवढ्यापुरती फवारणी पुढे-मागे करता येईल का, किंवा हाताने गोचीड काढून भागेल का, हे जनावरांच्या डॉक्टरांना एकदा विचारून पाहा.