हर्मिटची डर्बी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लंडनच्या नैऋत्येला, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर एप्सम नावाचे गाव आहे. गावाबाहेर मोठे उघडे माळरान आहे. या माळावर १७८० साली तीन वर्षे वयाच्या घोड्यांची एक शर्यत झाली आणि अर्ल ऑफ डर्बी या उमरावाच्या नावावरून तिला डर्बी म्हणू लागले. पहिल्या शर्यतीत डायोमेड नावाचा घोडा जिंकला. पुढे जगभर जिथे जिथे घोड्यांच्या शर्यती रुजल्या तिथे तिथे एक डर्बी उभी राहिली. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी हे त्याच वंशावळीतले एक पान.

एकोणिसाव्या शतकात डर्बीचा दिवस ही इंग्लंडची जत्राच होती. राजघराण्यातल्या माणसांपासून खिसेकापूंपर्यंत सारे लंडन एप्समला लोटायचे. कित्येक वर्षे ब्रिटिश पार्लमेंट या दिवशी कामकाज बंद ठेवत असे. विल्यम फ्रिथ या चित्रकाराने या गर्दीचे एक प्रचंड चित्र काढले. १८५८ साली ते रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले, तेव्हा बघ्यांना आवरण्यासाठी चित्रापुढे कठडा बांधावा लागला. गंमत अशी की, या चित्रात घोडे अगदी लांब, कोपऱ्यात आहेत. समोर आहेत ती माणसे. डोंबाऱ्यांचा खेळ आहे, हातचलाखी करून पैसे उकळणारा ठक आहे आणि रिकाम्या खिशांत हात घालून सुन्न उभा राहिलेला एक तरुण आहे. चित्रकाराला डर्बी बरोबर समजली होती. घोड्यांची शर्यत तीन मिनिटांच्या आत संपते. माणसांची मात्र आधी सुरू होते आणि नंतरही बराच काळ चालते. आज आपण घोड्यांपेक्षा या माणसांकडे पाहू. पैज लावणाऱ्यांनी त्या माळावर काय कमावले, काय गमावले, आणि त्यातून शिकण्यासारखे काय उरले, हा आपला विषय.

पहिली गोष्ट १८४४ सालची. त्या वर्षी रनिंग रेन नावाचा घोडा डर्बी जिंकला. ऑर्लॅन्डो दुसरा आला. डर्बीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात, आणि रनिंग रेन तीन वर्षांचा नाही, अशी कुजबुज शर्यतीच्या आधीपासूनच होती. घोड्यांच्या बाबतीत या वयातला एका वर्षाचा फरक म्हणजे शाळकरी मुलांच्या कुस्तीत कॉलेजचा पहिलवान उतरवण्यासारखे. ऑर्लॅन्डोचे मालक कर्नल पील, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे बंधू. प्रकरण कोर्टात गेले. न्यायाधीश बॅरन अल्डरसन यांनी साधी मागणी केली, घोडा आणा, त्याचे दात पाहू. घोडा काही आला नाही. तो गायबच झाला होता. दावा मागे घेतला गेला आणि डर्बी ऑर्लॅन्डोच्या नावावर लागली. रनिंग रेन हा मुळात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्याच शर्यतीत पाय मोडून मेलेला लिअँडर नावाचा आणखी एक घोडाही चार वर्षांचाच असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले. म्हणजे एकाच शर्यतीत दोन तोतये.

ही लबाडी खणून काढली लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी. ते स्वतः अट्टल पैजबाज. १८३६ साली त्यांचा एलिस नावाचा घोडा डॉन्कास्टरच्या शर्यतीत धावायचा होता. त्या काळी घोडे मुक्कामाच्या जागी चालत जात, त्याला कित्येक दिवस लागत. शर्यत तोंडावर आली तरी एलिस दक्षिण इंग्लंडमधल्या गुडवूडच्या तबेल्यातच आहे, असे पाहून लोकांनी त्याचा नाद सोडला आणि त्याचा भाव चढत गेला. बेंटिंक यांनी मात्र एक खास गाडी बनवून घेतली होती. तिला घोडे जुंपून एलिसला आत उभा करून नेला. एलिस ताजातवाना पोहोचला आणि जिंकला. घोडा असा गाडीतून येईल अशी लोकांना कल्पनाच नव्हती.

या दोन गोष्टींत एक लबाडी आहे आणि एक चतुराई. पण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच. तबेल्यात काय चालले आहे हे त्याला सर्वांत शेवटी कळते. तो पैसे लावतो तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्या कुणाला तरी त्याच्याहून जास्त माहिती असते. ‘खास टिप’ म्हणून जी त्याच्यापर्यंत येते ती तोवर अनेक हातांतून गेलेली असते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तिचा नायक, किंवा बळी म्हणा, आहे चौथा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. हे नाव आपल्याला अनोळखी नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड हेस्टिंग्ज हा याचा आजोबा. आजोबाने मराठ्यांचे राज्य संपवले. नातवाने आपले घराणे संपवले, आणि तेही वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

१८६४ साली लंडनमध्ये एक मोठा गवगवा झाला. लेडी फ्लॉरेन्स पॅजेट या सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तरुणीचे लग्न हेन्री चॅप्लिन या श्रीमंत जमीनदाराशी ठरले होते. लग्न तोंडावर आले असताना ती एका मोठ्या दुकानात एका दाराने शिरली, दुसऱ्या दाराने बाहेर पडली आणि तिने हेस्टिंग्जशी लग्न केले, असे सांगतात. चॅप्लिन गप्प राहिले आणि त्यांनी घोड्यांत मन गुंतवले. एक हजार गिनी देऊन त्यांनी एक शिंगरू विकत घेतले होते. त्याचे नाव हर्मिट.

१८६७ च्या डर्बीसाठी हर्मिट तयार होत होता. हेस्टिंग्जने तो हरणार यावर प्रचंड पैजा घेतल्या. इथे थोडे थांबून पैजेचा प्रकार समजून घेतला पाहिजे. घोडा जिंकेल म्हणून तुम्ही शंभर रुपये लावलेत, तर तुमचे फार तर शंभर जातील. पण घोडा हरेल अशी पैज घेणारा माणूस बुकीच्या जागी बसलेला असतो. एकास वीस या भावाने त्याने शंभर रुपये स्वीकारले, तर घोडा हरल्यावर त्याला शंभर मिळतात आणि जिंकल्यावर दोन हजार द्यावे लागतात. कमाईला मर्यादा, तोट्याला मात्र नाही म्हटले तरी चालेल. बुकी हा धोका पेलतो, कारण तो सगळ्याच घोड्यांवर थोडेथोडे पैसे घेऊन तोल सांभाळतो. हेस्टिंग्ज एकाच घोड्याविरुद्ध उभा राहिला होता, आणि त्यामागे हिशेबापेक्षा ईर्षा जास्त होती.

शर्यत जवळ आली असताना सरावात हर्मिटची रक्तवाहिनी फुटली, नाकातून रक्त आले. त्याचा ठरलेला जॉकी दुसऱ्या घोड्यावर गेला. हर्मिट संपला, असे सगळ्यांनी धरले. भाव पंधरा पौंडांना हजार पौंड, म्हणजे साधारण एकास सहासष्ट इतका झाला. २२ मे १८६७ रोजी एप्समला ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हिमवर्षाव होत होता. सुरुवात दहा वेळा फसली. घोडे थंडीत कुडकुडत उभे होते. शेवटी शर्यत सुटली आणि जॉन डेली या जॉकीने हर्मिटला अगदी अखेरच्या क्षणी मानेच्या अंतराने पुढे काढले.

हेस्टिंग्ज सुमारे एक लाख वीस हजार पौंड हरला. त्यातले वीस हजार खुद्द चॅप्लिन यांना देणे होते. तेव्हा इंग्लंडच्या शेतमजुराला वर्षाला पन्नास पौंडही मिळत नसत, यावरून या रकमेचा अंदाज यावा. चॅप्लिन यांनी पैसे फेडायला मुदत दिली. घराण्याची स्कॉटलंडमधली मालमत्ता विकावी लागली. पण खरा घात अजून पुढे होता. पुढच्या वर्षी, १८६८ साली, हेस्टिंग्जकडे डर्बीसाठी दोन घोडे होते. लेडी एलिझाबेथ ही घोडी आणि दि अर्ल हा घोडा. गेलेले सगळे एका दिवसात परत मिळवायचे या हिशेबाने भिस्त घोडीवर टाकली गेली आणि दि अर्लचे नाव ऐन वेळी मागे घेतले. लोकांची पहिली पसंती असलेली लेडी एलिझाबेथ पहिल्या तिघांतही आली नाही. आणि तोच दि अर्ल त्यानंतर पॅरिसची मोठी शर्यत जिंकला. नोव्हेंबर १८६८ मध्ये हेस्टिंग्ज वारला. त्याच्याबरोबर मार्क्विस ही पदवीही संपली. चॅप्लिन पुढे ब्रिटनचे कृषिमंत्री झाले.

या गोष्टीचे तात्पर्य ‘जुगार वाईट’ एवढ्यावर सोडून देणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. हेस्टिंग्जचा घोड्यांबद्दलचा अंदाज चुकीचा नव्हता. जखमी घोडा हरण्याचीच शक्यता जास्त होती. चुकली ती रक्कम. एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती, हा एक प्रश्न; आणि ती न घडल्यास मी उभा राहू शकेन का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येऊनही माणूस दुसऱ्यात बुडतो. आणि एकदा बुडाल्यावर ‘गेलेले परत मिळवायचे’ या इच्छेने लावलेली पैज ही पहिल्यापेक्षा नेहमीच मोठी असते. हेस्टिंग्जला १८६७ ने जखमी केले. संपवले ते १८६८ ने.

आता थोडे गणित पाहू. ते सोपे आहे. समजा शर्यतीत सहा घोडे आहेत आणि सगळे सारख्याच ताकदीचे. मग न्याय्य भाव होईल एकास पाच. बुकी देतो एकास चार. तुम्ही सहाही घोड्यांवर दहा-दहा रुपये लावलेत तर साठ रुपये गेले. जो जिंकेल त्याचे चाळीस आणि तुमचे मूळ दहा, असे पन्नास परत आले. घोडा कुठलाही जिंको, दहा रुपये बुकीच्या खिशात राहिले. ही त्याची मजुरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेर यांनी वेगळी पद्धत काढली. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, व्यवस्थेचा वाटा आधी कापायचा आणि उरलेले विजेत्यांत वाटायचे. रेसकोर्सवरचा टोट तो हाच. त्यात बुकीशी झुंज नसते, पण वाटा आधीच कापलेला असतो. म्हणजे सामान्य खेळणाऱ्याला नुसते बरोबर असून भागत नाही. इतरांपेक्षा अधिक बरोबर असावे लागते, आणि तेही वाटा भरून निघेल इतके.

माणसाचे मन इथे आणखी एक खोड काढते. १९४९ साली रिचर्ड ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे निकाल आणि भाव ताडून पाहिले. लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि बलवान घोड्यांवर कमी, असे त्यांना आढळले. पुढच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. याचे कारण हर्मिटसारख्या गोष्टीच. एकास सहासष्टचा हर्मिट दीडशे वर्षे लक्षात राहतो. तशाच भावाने धावून मागे पडलेल्या शेकडो घोड्यांची नावे कुणालाच आठवत नाहीत.

शेवटचा धडा कायद्याचा. १८४४ च्या गोंधळानंतर ब्रिटनने १८४५ साली कायदा करून पैजेच्या करारांना कोर्टाचे दार बंद केले. पैजेचे देणे हे केवळ अब्रूचे देणे उरले. १८५३ साली रोख पैजांची दुकाने बंद झाली, १९०६ साली रस्त्यावरच्या पैजांवर बंदी आली. उधारीवर, ओळखीवर खेळणारे उमराव मात्र निर्धास्त होते. म्हणजे हेस्टिंग्ज लाख पौंड हरला तरी तो गुन्हा नव्हता; पण पुढे गिरणीतल्या मजुराने कोपऱ्यावरच्या बुकीला एक शिलिंग दिला की पोलीस येत. हा दुजाभाव दूर व्हायला १९६१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी परवानाधारक दुकाने सुरू झाली.

आपल्याकडेही हीच छाया आहे. १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार रद्दबातल ठरवते, पण घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपये वा अधिकच्या बक्षिसासाठीच्या वर्गणीला त्यातून सूट देते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. ते खरेच आहे. घोडा पाहण्यात, जॉकी ओळखण्यात, मैदान जोखण्यात कौशल्य आहे. फक्त ते कौशल्य ज्यांच्याकडे आहे त्यांच्या अंदाजाने भाव आधीच ठरलेला असतो. बाकीच्यांनी तिकीट घेताना ते करमणुकीचे तिकीट आहे असे समजावे. नाटकाचे पैसे परत येतील अशी आशा आपण धरत नाही, आणि नाटकासाठी घर गहाण टाकत नाही. एवढा हिशेब त्या तरुण मार्क्विसला जमला असता, तर आजोबांची पदवी त्याच्या नावापुढे आणखी काही वर्षे टिकली असती.